हॅचरीतले सामन आणि रिकाम्या नद्या
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : गेल्या सप्टेंबरअखेरीस आम्ही उभयता मुलीकडे पोर्टलंडला गेलो असताना कोलंबिया नदीवरचे बॉनव्हिल धरण पाहिले. धरणालगत माशांसाठी पाण्याचा जिना बांधला आहे आणि तळमजल्यावरच्या काचेतून वर चढणारे सामन मासे दिसतात. शेजारच्या हॅचरीत, म्हणजे माशांची कृत्रिम पैदास करणाऱ्या केंद्रात, तर हातभर लांबीचे सामन हौदांत अक्षरशः दाटीवाटीने फिरत होते. दरवर्षी लक्षावधी पिल्ले नदीत सोडली जातात असे तिथे सांगण्यात आले, आणि याच नदीतले सामन संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहेत असेही सांगण्यात आले. या दोन गोष्टींचा मेळ आम्हांला लागला नाही. शिवाय जावई म्हणत होते की तेथील काही निसर्गप्रेमी संस्था हॅचरींच्या विरोधात न्यायालयात जातात. मासे वाढवण्याला निसर्गप्रेमींनी विरोध का करावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी एक खुलासा करतो, कारण मासळीबाजारात या नावाचा हमखास घोटाळा होतो. आपल्याकडे ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जातो तो रावस; त्याचा सामनशी काहीही संबंध नाही. आपल्या अनुभवातला जवळचा दाखला द्यायचा तर पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतांकडे चढणाऱ्या ‘चढणीच्या माशां’चा द्यावा लागेल. सामनची चढण मात्र शेकडो किलोमीटरांची असते. गोड्या पाण्याच्या झऱ्यात गोट्यांखाली जन्मायचे, काही महिन्यांनी किंवा एकदोन वर्षांनी समुद्रात उतरायचे, तिथे वाढायचे आणि जन्मस्थळीच्या पाण्याचा वास ओळखत त्याच ओढ्यात परतून, अंडी घालून मरायचे, असा पॅसिफिक महासागरातील बहुतेक सामन जातींचा जीवनक्रम आहे. ‘त्याच ओढ्यात’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओढ्यात परतल्यामुळे प्रत्येक ओढ्याचा सामन थोडा वेगळा झालेला असतो. तिथल्या पाण्याच्या तापमानाला, पुराच्या वेळेला आणि समुद्रापासूनच्या अंतराला जुळेल असे त्याचे अंग आणि त्याचे वेळापत्रक घडलेले असते.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळू. गोऱ्या वसाहतींपूर्वी कोलंबियाच्या खोऱ्यात दरवर्षी १ ते १.६ कोटी प्रौढ सामन परतत असावेत असा अंदाज आहे. आज परतणारे मासे त्याच्या लहानशा हिश्श्याइतके आहेत आणि त्यांतलेही बरेचसे हॅचरीत जन्मलेले असतात. या खोऱ्यातल्या हॅचरी दरवर्षी दहा कोटींहून अधिक पिल्ले सोडतात, तरीही सामन आणि त्यांचा भाऊबंद स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट मासा) यांचे १३ समूह अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या यादीत आहेत. याचे कारण असे की यादीत नाव घालताना वा काढताना केवळ मासे मोजले जात नाहीत. हॅचरी उद्या बंद पडली तर हे मासे स्वतःच्या बळावर टिकतील का, हा खरा प्रश्न असतो. आपण हौदांत पाहिलेली गर्दी त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

हॅचरी मुळात नद्या सावरण्यासाठी निघाल्याच नव्हत्या, हेही ध्यानात घ्यायला हवे. पॅसिफिक सामनची पहिली हॅचरी १८७२ साली लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर उभारली, ती मुख्यतः पूर्व किनाऱ्यावरच्या रिकाम्या झालेल्या नद्यांना अंडी पुरवण्यासाठी. त्या काळचे अमेरिकेचे मत्स्य आयुक्त स्पेन्सर बेअर्ड यांनी तर ओरेगनच्या लोकांना असा सल्ला दिला होता की मासेमारीवर निर्बंध घालणारे कायदे करत बसण्यापेक्षा कृत्रिम पैदाशीवर पैसा खर्च करावा. हा सल्ला पुढची शंभर वर्षे सर्वांनाच सोयीचा वाटला. मासे डबाबंद करणाऱ्या कारखानदारांना मासेमारी कमी करावी लागली नाही, लाकूड व्यापाऱ्यांना नदीकाठची झाडे सोडावी लागली नाहीत आणि धरणे बांधणाऱ्यांना माशांची वाट ठेवावी लागली नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर १९१३ साली धरण पुरे झाले तेव्हा माशांसाठी वाट ठेवणे कायद्याने बंधनकारक होते. वाट न ठेवता त्याऐवजी हॅचरी बांधून देण्यात आली, आणि ती हॅचरीही १९२२ मध्ये बंद पडली. धरण मात्र शंभर वर्षे उभे राहिले. या इतिहासामुळे हॅचरीकडे पाहणाऱ्या जाणकारांच्या मनात जो संशय असतो तो मला रास्त वाटतो.

संशयाला शास्त्राचाही आधार आहे. हॅचरीत मादीची गाभोळी बादलीत काढतात, तीत नराचे वीर्य मिसळतात आणि फलित अंडी स्वच्छ वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. नदीत शंभर अंड्यांमागे समुद्राकडे निघण्याच्या वयापर्यंत जेमतेम पाच-दहा पिल्ले पोचतात, तर हॅचरीत बहुतेक सगळी जगतात. ही जमेची बाजू खरी, पण त्यातच मेख आहे. नदीने जी नव्वद पिल्ले बाजूला काढली असती ती इथे वाढतात. जोडीदार निवडणे, गोटे उकरून खळगा करणे, सावली पडताच दगडाआड दडणे यांपैकी कशाचीही कसोटी लागत नाही. उलट वरून दाणे पडताच पृष्ठभागाशी झेपावणारे, गर्दीला न बुजणारे पिल्लू अधिक फोफावते, आणि नेमकी हीच सवय नदीत बगळ्याच्या चोचीत नेणारी असते. ओरेगनमधल्या हूड नदीतल्या स्टीलहेड माशांच्या अनेक पिढ्यांची जनुकीय वंशावळ तपासून २००७ मध्ये संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की बंदिस्त अवस्थेत गेलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत यशस्वीपणे संतती निर्माण करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. पुढे २०१६ मध्ये त्याच नदीतल्या माशांच्या तुलनेत असे दिसले की हॅचरीच्या पहिल्याच पिढीच्या संततीत ७०० हून अधिक जनुकांचे कार्य रानटी माशांच्या संततीपेक्षा वेगळ्या प्रमाणात चालते. असे मासे परतताना रानटी माशांत मिसळले की हा वारसाही मिसळतो. म्हणूनच काही संस्था न्यायालयात जातात. त्यांचा आक्षेप बहुधा मासे वाढवण्याला नसतो. परक्या नदीतून आणलेल्या किंवा अनेक पिढ्या हौदांतच काढलेल्या माशांचे वाण रानटी माशांच्या अंगणात सोडण्याला असतो.

मात्र इथे थांबलो तर मी आपल्याला अर्धेच चित्र दिले असे होईल. आयडाहो राज्यातल्या जॉन्सन क्रीक या ओढ्यात नेझ पर्स या आदिवासी राष्ट्राने चिनूक सामनसाठी चालवलेल्या कार्यक्रमात प्रजनक मासे, म्हणजे पैदाशीसाठी घेतलेले नर-मादी, दरवर्षी केवळ त्या ओढ्यात जन्मलेल्या रानटी माशांतूनच निवडले गेले. हॅचरीत जन्मलेल्या माशाला पुन्हा हॅचरीत घ्यायचे नाही, त्याला ओढ्यातच अंडी घालू द्यायची, असा दंडक पाळला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हॅचरीत नेलेल्या एका माशाची जितकी प्रौढ संतती परतली ती ओढ्यात सोडून दिलेल्या माशाच्या चौपटीहून अधिक होती, आणि या संततीने रानटी माशांशी जोडी जमवली तेव्हा त्यांच्या यशात लक्षणीय उणेपण आढळले नाही. हूड नदीतील मासे आणि जॉन्सन क्रीकमधील मासे यांच्या जाती वेगळ्या, कालावधी वेगळे, त्यामुळे एकाने दुसरे खोटे ठरत नाही. प्रजनक कुठून घेतले आणि किती पिढ्या घेतले यावर फळ अवलंबून असते, इतके मात्र यावरून ठामपणे म्हणता येते.

प्रश्न : परतलेला मासा हॅचरीचा की नदीचा हे ओळखतात कसे? दिसायला दोन्ही सारखेच असतात ना?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दिसायला जवळजवळ सारखेच असतात, म्हणून खूण करावी लागते. सामनच्या पाठीवर, शेपटीच्या थोडे आधी, काटे नसलेला एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीतून सोडण्यापूर्वी पिल्लाचा हा पर कापतात. गळ टाकणाऱ्याला मासा हाती येताच कळते की पर नसलेला मासा ठेवता येईल आणि पर असलेला परत सोडायचा. याशिवाय पुष्कळ पिल्लांच्या नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, सांकेतिक आकडे कोरलेली तार टोचतात. मासा मेल्यावर ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचली की कोणत्या हॅचरीने कोणत्या वर्षी सोडला ते समजते. अलास्कात तर हॅचरीतल्या पाण्याचे तापमान ठरावीक अंतराने बदलून माशाच्या कानातल्या खड्यावर, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे, कडे उमटवतात. अलीकडे हॅचरीत वापरलेल्या सर्व नर-माद्यांचे जनुकीय नमुने साठवले जातात, त्यामुळे परतलेल्या माशाच्या पराचा कणभर तुकडाही त्याचे आईबाप सांगतो.

या खुणांचा उपयोग पकडीपुरता नाही. अमेरिकी काँग्रेसच्या पुढाकाराने २००० साली नेमलेल्या शास्त्रज्ञ-मंडळाने हॅचरींसाठी एक हिशेब घालून दिला. नदीत अंडी घालणाऱ्यांमध्ये हॅचरीचे मासे किती टक्के आणि हॅचरीच्या प्रजनकांमध्ये नदीचे मासे किती टक्के, या दोहोंच्या गुणोत्तरावरून त्या समूहाला वळण कोण लावते आहे, नदी की हौद, हे ठरवता येते. महत्त्वाच्या समूहांत नदीचा वाटा दोन तृतीयांशांहून अधिक असावा असा त्यांचा आग्रह आहे. खुणाच नसतील तर हा हिशेब मांडताच येणार नाही.

प्रश्न : हॅचरीमुळे एखादा सामन समूह नामशेष होण्यापासून खरोखर वाचला, असे एकतरी उदाहरण आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, आणि ते इतके बोलके आहे की त्याला थोडी जास्त जागा देतो.

आयडाहोच्या डोंगरांत, समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत आणि सुमारे २,००० मीटर उंचीवर, रेडफिश नावाचा तलाव आहे. पूर्वी तिथे अंडी घालायला येणाऱ्या लालभडक सॉकाय सामनांवरूनच त्याला हे नाव पडले. आज वाटेत आठ मोठी धरणे आहेत. शोशोनी-बॅनॉक आदिवासींच्या अर्जावरून १९९१ मध्ये या समूहाला संकटग्रस्त जाहीर केले गेले. त्या वर्षी चार मासे परतले होते. १९९२ मध्ये एकच आला, तोही नर. वर्तमानपत्रांनी त्याचे नाव ‘एकाकी लॅरी’ असे ठेवले. त्याचे वीर्य गोठवून जपण्यात आले. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून १६ प्रौढ मासे परतले आणि सगळेच्या सगळे हॅचरीत नेण्यात आले. नदीत सोडून देण्याजोगे काही उरलेच नव्हते. एखाद्या अपघाताने सर्वस्व जाऊ नये म्हणून हे मासे दोन वेगवेगळ्या राज्यांत सांभाळले गेले, आणि कोणत्या मादीची जोडी कोणत्या नराशी जुळवायची हे नातेसंबंध तपासून ठरवले गेले. आपल्याकडे सोयरीक जुळवताना गोत्र पाहतात, तसलाच हा प्रकार होता, फक्त इथे तो जनुकांच्या तक्त्यावर होता. २०१४ मध्ये त्या खोऱ्यात पंधराशेहून अधिक सॉकाय परतले. हॅचरी नसती तर हा समूह विसाव्या शतकातच संपला असता, याविषयी फारसे दुमत नाही.

पण पुढचे वर्षही सांगितले पाहिजे. २०१५ च्या उन्हाळ्यात डोंगरांवर बर्फ कमी पडलेले, हवा तापलेली आणि धरणांमागचे पाणी संथ, यामुळे कोलंबिया व स्नेक नद्यांचे पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले, आणि सामनला ते सोसत नाही. हजारो मासे समुद्रातून निघाले होते. स्वतःच्या बळावर रेडफिशच्या खोऱ्यात पोचले ते साठाहूनही कमी. हॅचरीने आपले काम चोख केले होते, नदीने नाही.

हॅचरीचेही सगळेच चोख झाले असे नाही. अधिक पिल्ले वाढवण्यासाठी २०१३ मध्ये आयडाहोच्या पूर्व भागात स्प्रिंगफील्ड येथे नवी हॅचरी सुरू झाली. तिथून आणून रेडफिशच्या ओढ्यात सोडलेली पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली. शोध घेता घेता कारण सापडले ते असे की स्प्रिंगफील्डचे भूजल जड, क्षारांचे, आणि डोंगरातल्या ओढ्याचे पाणी अगदी मृदू. जिथे बोअरवेलच्या पाण्याने बादल्यांवर पांढरे थर चढतात तिथल्या वाचकांना हा फरक समजावून सांगायला नको. एका पाण्यातून दुसऱ्यात एकदम टाकल्याचा धक्का समुद्राकडे निघालेल्या नाजूक वयातल्या पिल्लांना सोसला नाही. पुढे त्यांना आधी मधल्या प्रकारच्या पाण्यात सरावू देऊन मग सोडण्याची पद्धत आणली गेली. एवढी प्रगत यंत्रणा, एवढा पैसा, आणि अडले ते पाण्याच्या चवीवर!

दुसरे उदाहरण कमी नाट्यमय आहे, पण माझ्या मते अधिक अनुकरणीय आहे. वॉशिंग्टनमधल्या हूड कॅनाल या खाडीला मिळणाऱ्या ओढ्यांत उन्हाळ्यात येणाऱ्या चम सामनसाठी १९९२ पासून हॅचरीची मदत घेण्यात आली. तिथे सुरुवातीलाच मुदत ठरवली होती : कोणत्याही ओढ्यात जास्तीत जास्त तीन पिढ्या, म्हणजे १२ वर्षे. त्याच वेळी या माशांची पकड कमी करण्यात आली आणि ओढे खाडीला मिळतात तिथल्या मुखांची दुरुस्तीही हाती घेण्यात आली. मासे वाढले, जिथून ते नाहीसे झाले होते अशा काही ओढ्यांत पुन्हा आले, आणि बहुतेक ठिकाणच्या हॅचरी ठरल्याप्रमाणे थांबवल्या गेल्या. सरकारी योजना वेळेवर बंद झाल्याचे उदाहरण कुठल्याच देशात सहजी सापडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

वर ज्या एल्व्हा नदीचा उल्लेख केला तिच्यावरची ते धरण आणि नंतर बांधलेले दुसरे अशी दोन्ही धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली. तिथे हॅचरी ठेवावी की नाही यावर बराच वाद झाला. धरणांमागे साठलेला गाळ सुटल्यावर नदीत मासेच तगणार नाहीत, तेव्हा बीज हौदांत सुरक्षित असावे, असे लोअर एल्व्हा क्लालम आदिवासींचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. २०२३ च्या शरदात त्यांनी मोकळ्या झालेल्या नदीतून कोहो सामन पुन्हा पकडले. गंमत अशी की याच नदीत उन्हाळी स्टीलहेड मात्र कोणत्याही हॅचरीविना परतले : धरणाच्या वर शंभर वर्षे अडकून पडलेल्या ट्राउट माशांच्या वंशजांनीच, वाट मिळताच, समुद्र गाठला.

प्रश्न : आमच्या मंडळाने यंदा महसीर या नदीतल्या माशाची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) विकत आणून नदीत सोडण्याचे ठरवले आहे. आपल्या अंकातील सामनविषयीचे टिपण वाचून काही सदस्य साशंक झाले आहेत. आम्ही सोडावी की नाही?
– एक वाचक, मावळ

उत्तर : सदस्यांची शंका योग्य आहे, कारण या बाबतीतला धडा आपल्याच लोणावळ्याहून निघालेला आहे. तेथील वळवणच्या हॅचरीत टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास केली आणि आजवर लाखो बोटुकली देशभर पाठवली. हेतू निःसंशय चांगला होता. त्यांतली निळ्या परांची महसीर, म्हणजे टॉर खुद्री, कावेरी नदीत सोडली गेली. कावेरीत तिची स्वतःची, कुबड असलेली, अजस्र वाढणारी महसीर आधीपासून होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळ टाकणाऱ्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा असे दिसले की निळ्या परांची महसीर वाढत गेली आणि कुबडवाली क्वचितच मिळू लागली. तिचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी तिची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत करावी लागली. इतकी वर्षे ‘महसीर वाचवा’ म्हणून जे चालले होते त्यात वाचवायची महसीर कोणती हेच ठरलेले नव्हते.

आपल्या भागाची गोष्ट थोडी निराळी आहे. टॉर खुद्री ही आपलीच मासळी आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. त्यामुळे ती परकी नाही. परंतु विकत मिळणारी बोटुकली कोणत्या नदीच्या प्रजनकांची, किती पिढ्या तळ्यात वाढलेली आणि शुद्ध की संकरित, हे विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर सोडू नका. त्याआधी, आपल्या नदीच्या डोहांत महसीर आजही आहे का, हे जुन्या मासेमारांना घेऊन एका उन्हाळ्यात पाहा. असेल, तर तिला बोटुकलीची गरज नाही. डोहात सुरुंग आणि विष न टाकणारी माणसे, वाळू न उपसलेला तळ आणि पावसाळ्यात वर चढायला मोकळी वाट हवी आहे, आणि मंडळाचे पैसे त्या वाटेवरच्या एखाद्या मोडक्या, निरुपयोगी बंधाऱ्याची परवानगी मिळवून तो काढण्यात अधिक सार्थकी लागतील. नसेल, तर ती का गेली हे आधी शोधा, आणि कारण दूर होईपर्यंत बोटुकलीची मागणी नोंदवू नका.